आधी नोकरी की आधी घर? शहराकडे निघण्यापूर्वी हातातले आठवडे मोजा

प्रश्न थोडक्यात असा: वय २४, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, लहान गावातल्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षांचा अनुभव. तिथे पगार वाढण्याची चिन्हं नाहीत. थोडी शिल्लक जमली आहे. मोठ्या शहरात जायचं आहे, पण तिथे ओळखीचं म्हणावं असं एकच कुटुंब. आधी नोकरी शोधावी की आधी घर बघावं? परवडेल अशी जागा मिळते कशी? आणि किती पैसे गाठीला असल्याशिवाय निघू नये?

नव्याने शहरात येणाऱ्यांना काम आणि जागा मिळवून देण्याच्या कामात मी १९ वर्षं आहे. हे तीन प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण याच क्रमाने विचारतो. मी उत्तर मात्र तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण बाकीचे दोन्ही त्यावर अवलंबून आहेत.

शिल्लक किती आहे हे रुपयांत मोजू नका, आठवड्यांत मोजा. शहरात एकट्याने खोली घेऊन राहिलात तर भाडं, जेवण, प्रवास, फोन धरून आठवड्याला किती लागेल याचा अंदाज काढा आणि शिल्लकेला त्याने भागा. समजा उत्तर आलं २० आठवडे. पाच महिने निघतील असं वाटतं. आता त्यातून काय काय वजा होतं ते बघा. परतीचं तिकीट आणि आजारपणासाठी बाजूला ठेवायचे ३ आठवडे. स्वतंत्र खोलीचं डिपॉझिट, दलाली, गादी, बादली, शेगडी मिळून ९ आठवडे. उरले ८. नोकरी लागली त्या दिवशी पगार हातात पडत नाही, महिना भरावा लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या मधेच रुजू झालेल्याचे पहिले दिवस पुढच्या पगारात धरतात. त्यासाठी ५ आठवडे धरा. म्हणजे नोकरी शोधायला तुमच्याकडे खरे राहिले फक्त ३ आठवडे.

आता तीच शिल्लक घेऊन दुसरा हिशोब करू. स्वतंत्र खोली न घेता तुम्ही वसतिगृहात किंवा कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत फक्त एक खाट भाड्याने घेऊन, राहिलात. डिपॉझिट २ आठवड्यांच्या खर्चाएवढं. बाजूला ठेवायचे ३ तसेच. उरले १५. इथे आठवड्याचा खर्च पाऊण पट होतो, कारण भाडं वाटलं जातं. म्हणजे त्याच १५ आठवड्यांचे झाले २०. पगाराची वाट बघण्याचे ५ वजा केले तरी शोधायला १५ आठवडे राहतात.

एकीकडे ३, दुसरीकडे १५. माझ्यापुढे बसलेल्या मुलामुलींना मी हे कागदावर मांडून दाखवतो, कारण नुसतं सांगून पटत नाही. तीन आठवडे हातात असलेला माणूस समोर येईल ती नोकरी धरतो. पंधरा आठवडे असलेला एखाद्या नोकरीला नाही म्हणू शकतो. आणि हे नाही म्हणता येणं फार मोलाचं आहे, कारण पहिल्या नोकरीत जो पगार मान्य केलात, तोच पुढच्या मुलाखतीत ‘आत्ता किती मिळतात?’ म्हणून विचारला जातो आणि पुढचा आकडा त्याच्या जवळपास ठरतो.

म्हणून ‘आधी नोकरी की आधी घर?’ याला माझं उत्तर आहे: आधी दोन्ही नाही. आधी एक तात्पुरता तळ. पहिली जागा राहण्यासाठी नसते, शोधण्यासाठी असते. घर बघायचं ते नोकरी कुठे लागली हे कळल्यावर.

याला आणखी एक कारण आहे. नोकरी नसताना चांगल्या घरमालकाकडे गेलात तर तो पगाराची पावती मागतो. कंपनीत गेलात तर तिथला अर्ज शहरातला पत्ता मागतो, आणि पत्ता दूरचा दिसला की ‘हा माणूस खरंच येईल का’ अशी शंका काढून अर्ज बाजूला पडतो. या चक्रात अडकलेली माणसं मी दर महिन्याला बघतो. त्यातून सुटायला घर लागत नाही. पत्ता लागतो, फोन लागतो आणि सकाळी ९ वाजता स्वच्छ कपड्यांत मुलाखतीला पोचता येईल अशी झोपायची जागा लागते. तात्पुरत्या तळाकडून एवढंच मागायचं: १५ दिवसांच्या नोटिशीवर सोडता यावा, डिपॉझिट थोडं असावं, सामानाला कुलूप लावता यावं आणि भरलेल्या पैशांची नाव-पत्त्यासह पावती मिळावी. भिंतीचा रंग उडालेला असला तर असू दे.

ओळखीच्या कुटुंबाकडे उतरायचं का, तर उतरा, पण जायच्या आधीच फोनवर तारीख सांगा: ‘अमुक तारखेला येतो आणि दहा दिवसांनी अमुक तारखेला वसतिगृहात जातो.’ निघायची तारीख माहीत असलेला पाहुणा कुणाला जड होत नाही. त्यांच्याकडून झोपायच्या जागेपेक्षा माहिती जास्त घ्या: कुठल्या भागात पाणी येत नाही, कुठली लोकल किंवा बस भरवशाची, कुठे रात्री एकट्याने चालू नये. हे कुठल्याही जाहिरातीत सापडत नाही.

आता कुठलं शहर हा प्रश्न. तुम्ही ‘मोठं शहर’ म्हणालात, पण कुठलं ते पक्कं केल्यासारखं वाटलं नाही. १८८५ साली ई. जी. रेव्हनस्टीन यांनी ब्रिटनच्या जनगणनेचे आकडे तपासून स्थलांतराचे काही नियम मांडले. बहुतेक माणसं लांब जातच नाहीत, जवळच्या जवळ सरकतात, आणि त्यांनी रिकाम्या केलेल्या जागी आणखी दूरची माणसं येतात, असं त्यांना दिसलं. माझ्या अनुभवात हे आजही बरंच खरं आहे. गावातून थेट सगळ्यात मोठ्या शहरात उडी घेणाऱ्यांपेक्षा, मधल्या एखाद्या औद्योगिक शहरात दीड-दोन वर्षं काढून मग पुढे गेलेल्यांची घडी मला लवकर बसलेली दिसते. ते पगाराची पावती, अनुभवाचं पत्र आणि चार सहकाऱ्यांचे फोन नंबर घेऊन मोठ्या शहरात उतरतात.

मोठ्या शहरातला पगाराचा आकडा मोह घालतो, हे मला कळतं. १९७० मध्ये जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो या अर्थशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट मांडली: शहरात बेकारी असूनही माणसं का येत राहतात? कारण ती नुसता पगार बघत नाहीत, पगार आणि तो मिळण्याची शक्यता यांचा गुणाकार बघतात. हा गुणाकार तुम्ही डोळसपणे करा. दोन किंवा तीन शहरं घ्या. सलग चार आठवडे प्रत्येक शहरातल्या तुमच्या कामाच्या जाहिराती वहीत उतरवा. ‘इलेक्ट्रिकल’ एवढंच लिहू नका. पॅनल वायरिंग, मोटर दुरुस्ती, इमारतीचं मेंटेनन्स, लिफ्ट, सोलर असे वेगळे रकाने करा. कुठल्या पट्ट्यातली कंपनी, किती अनुभव मागितला, शिफ्ट कुठली, हेही लिहा. महिन्याभरात वहीत जे दिसेल ते कुणाच्याही सल्ल्यापेक्षा खरं असेल, माझ्याही.

याचा आणखी एक फायदा होतो. शहर एक ठिपका वाटायचं थांबतं. कारखाने, गोदामं, मोठी देखभालीची कामं बहुधा शहराच्या कडेला असतात, आणि कडेला भाडंही कमी असतं. तुमच्या हातातलं काम तिथलं असेल तर शहराच्या मध्यावरच्या महागड्या भाड्याची धास्ती घेण्याचं कारणच नाही. कार्यालयात बसून काम करणाऱ्याचं गणित वेगळं, तुमचं वेगळं.

सामान बांधून निघण्यापूर्वी एकदा दहा दिवसांची फेरी मारून या, असं मी सगळ्यांना सांगतो. बांगलादेशात रंगपूर भागात कापणीच्या आधीच्या महिन्यांत उपासमारीचा काळ येतो, त्याला तिथे मोंगा म्हणतात. २००८ मध्ये काही संशोधकांनी तिथल्या कुटुंबांना, घरातलं कुणी शहरात कामाला गेलं तर बसभाड्याएवढी मदत देऊ केली. केवळ त्या मदतीमुळे शंभरातल्या साधारण बावीस कुटुंबांनी माणूस पाठवला, आणि त्या घरांतलं खाणंपिणं सुधारलं. मला त्यातली पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते: पुढच्या वर्षी मदत नसतानाही त्यांच्यातले बरेच जण पुन्हा गेले. एका फेरीत काम कुठे मिळतं, कुणाला भेटायचं हे कळलं होतं. हीच योजना नंतर फार मोठ्या प्रमाणावर राबवली तेव्हा तसा परिणाम दिसला नाही आणि २०१९ मध्ये ती थांबवली गेली, म्हणून मी त्यातून मोठा सिद्धांत काढत नाही. पण पहिली फेरी शिकण्यासाठी असते, हे मी स्वतः शेकडो माणसांत पाहिलं आहे.

त्या दहा दिवसांत फिरायला जाऊ नका. सकाळी ८ च्या गर्दीत औद्योगिक पट्ट्यापर्यंत जा आणि संध्याकाळच्या गर्दीत परत या. वहीतल्या पाच कंपन्यांच्या फाटकावर जाऊन सुरक्षारक्षकाला विचारा की मेंटेनन्सची माणसं कंपनी थेट घेते की कंत्राटदारामार्फत. कंत्राटदाराचं नाव तोच सांगतो. शिफ्ट सुटताना बाहेरच्या टपरीवर उभे राहा, तिथे काम करणाऱ्यांशी बोला. तुमच्या वयाचा, तुमचंच काम करणारा मुलगा कुठे राहतो आणि भाडं किती देतो, हा तुम्हाला मिळू शकणारा सगळ्यात खरा भाव आहे.

नोकरी शोधण्याबद्दल. माणसं जवळच्या नातेवाइकांना आणि मित्रांना सांगतात आणि वाट बघत बसतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखात दिसतं की ज्यांना ओळखीतून नोकरी कळली, त्यांच्यापैकी सहांतल्या एकालाच ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळली. कारण सरळ आहे: जवळच्या माणसांना तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटी वापरकर्त्यांवरच्या अभ्यासात हेच थोडं नेमकं होऊन समोर आलं: अगदी जवळची ओळखही नाही आणि अगदी पुसटही नाही, मधली ओळख सगळ्यात जास्त कामाला येते.

तुमच्या बाबतीत ही मधली माणसं कोण? डिप्लोमाच्या वर्गातले, ज्यांच्याशी दोन वर्षांत बोलणं झालं नाही ते. शिकवणारे सर. वर्कशॉपमध्ये केबल आणि स्विचगिअर विकायला येणारा प्रतिनिधी, जो दहा कारखान्यांत फिरतो. दुरुस्तीला मशिन घेऊन येणारे ग्राहक. अशी ४० नावं काढा. नावं चाळीस होत नाहीत असं सगळ्यांनाच आधी वाटतं, पण फोनमधली जुनी यादी चाळली की होतात. आणि त्यांना ‘काही काम असेल तर बघा’ असं लिहू नका, त्याला कुणाकडे उत्तर नसतं. असं लिहा:

‘नमस्कार सर, मी २०२१ च्या बॅचचा. दोन वर्षं पॅनल वायरिंग आणि मोटर मेंटेनन्स केलं आहे. येत्या १० तारखेपासून शहरात आहे. तुमच्या भागात मेंटेनन्सला माणसं कोण घेतं, एवढं विचारायला पाच मिनिटं फोन करू का?’

यात तुम्ही नोकरी मागत नाही, माहिती मागता. माहिती द्यायला माणसं आनंदाने तयार होतात, आणि बोलता बोलता ‘एक मिनिट, आमच्याकडेच जागा आहे’ हेही तेच म्हणतात. सोबत हाताने केलेल्या कामाचे चार-पाच फोटो ठेवा. नीट बांधलेल्या, नंबर टाकलेल्या वायरिंगचा एक फोटो बायोडेटाच्या दोन पानांपेक्षा जास्त बोलतो.

सुरुवातीला कंत्राटी किंवा रोजंदारीचं काम घ्यायला हरकत नाही, खर्च भागतो आणि आठवडे वाचतात. पण आठवड्यातल्या दोन सकाळी मोकळ्या राहतील असं बघा. सगळे सहा दिवस विकून टाकले की मुलाखतीला जायचं कधी? मी पाहिलेली कित्येक गुणी मुलं अशा ‘तात्पुरत्या’ कामात चार-चार वर्षं राहिली आहेत.

आणि नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. नोंदणी फी, गणवेशाचे पैसे, ‘सिक्युरिटी’, प्रशिक्षणाचं शुल्क, नाव काहीही असो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारातलं तत्त्वच असं आहे की खासगी नोकरी-संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये. तो करार सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही, पण कसोटी म्हणून तो कुठेही वापरता येतो. माणूस हवा असणारी कंपनी माणसाकडून पैसे घेत नाही. मूळ प्रमाणपत्रंही कुणाकडे ठेवायला देऊ नका. दाखवा, प्रत द्या, मूळ परत पिशवीत.

नोकरी लागली, आता घर. ‘पगाराच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त भाडं नको’ हा नियम तुम्ही ऐकला असेल. तो आला कुठून हे कळलं की त्याला किती महत्त्व द्यायचं ते ठरवता येतं. अमेरिकेत सरकारी घरांत राहणाऱ्यांच्या भाड्यावर १९६९ च्या कायद्याने उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि १९८१ मध्ये ती ३० केली. म्हणजे ती सरकारी भाड्याची मर्यादा होती. कमी पगाराच्या माणसाचं बाकीच्या सत्तर टक्क्यांत भागतं का, याचा हिशोब त्यात नाही, आणि प्रवासाचा तर नाहीच. शिकागोतल्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेने पुढे भाडं आणि प्रवास एकत्र मोजायला सुरुवात केली आणि दोन्ही मिळून ४५ टक्क्यांची रेषा धरली. मला ही रीत जास्त पटते, कारण स्वस्त घराची खरी किंमत बसच्या पासात आणि घड्याळात लपलेली असते.

उदाहरण घेऊ. पगार १०० भाग माना. कामाजवळची सामायिक खोली: भाडं ४० भाग, प्रवास ३ भाग, येण्याजाण्याची रोज ४० मिनिटं. लांबची खोली: भाडं २४ भाग, प्रवास ११ भाग, रोज २ तास ४० मिनिटं. लांबच्या खोलीत भाड्याचे १६ भाग वाचले, त्यातले ८ प्रवासात गेले. निव्वळ बचत ८ भाग. त्यासाठी रोजचे २ तास जास्त, म्हणजे २५ दिवसांचे ५० तास. महिन्याला २०० तास काम करून १०० भाग मिळत असतील तर तुमचा एक तास अर्ध्या भागाचा. ५० तासांची किंमत २५ भाग. पंचवीस भागांचा वेळ तुम्ही आठ भागांना विकलात. त्या वेळात ओव्हरटाइम झाला असता, वायरमनच्या परवान्याचा अभ्यास झाला असता, किंवा नुसती झोप झाली असती, आणि वीज हाताळणाऱ्या माणसाची झोप ही चैनीची गोष्ट नाही.

मार्केटी नावाच्या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये, याकोव्ह झहावी यांच्या आधीच्या कामाच्या आधारे, असं मांडलं की वाहन कुठलंही असो, माणूस सरासरीने दिवसाला साधारण एक तास प्रवासाला देतो. शहरं वाढली ती वाहनं वेगवान झाली म्हणून. मी त्यातून एवढंच घेतो की एका बाजूला ४५ मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर घर कितीही स्वस्त असलं तरी दोनदा विचार करा. नकाशावरची मिनिटं धरू नका, गर्दीच्या वेळी स्वतः जाऊन मोजा. आणि तुम्हाला शिफ्ट असणार, तेव्हा पहाटेची पहिली आणि रात्रीची शेवटची गाडी किती वाजता हे भाडं विचारण्याआधी विचारा. दुसरी शिफ्ट सुटल्यावर गाडी नसेल, तर रिक्षात गेलेले पैसेही भाड्यातच धरा.

खोली बघायला जाल तेव्हा घाई करू नका. दार उघडून देणारा माणूस ‘बघून घ्या’ म्हणतो आणि उंबऱ्यात उभा राहतो, त्यामुळे आपण दोन मिनिटांत बाहेर येतो. वीस मिनिटं घ्या. कपाट असेल तर त्यामागच्या भिंतीवर तळहात टेकवा. हाताला गारवा आणि किंचित चिकटपणा लागला तर ओल आहे. चार भिंतींतली एकच नव्याने रंगवलेली दिसली तर विचारा, ती का रंगवली. सगळे नळ एकदम सोडा आणि धार किती बारीक होते बघा. फ्लश ओढा. मोरीच्या जाळीत बादलीभर पाणी ओता आणि ते जायला किती वेळ लागतो ते मोजा. खिडकी बंद करून बघा, कडी बसते का. फोनला रेंज आहे का, तेही खोलीच्या आतल्या कोपऱ्यात उभं राहून. मग जिन्यात जो कुणी भेटेल त्याला विचारा की पाणी किती वाजता येतं आणि आधीचा भाडेकरू का गेला. पहिला प्रश्न उत्तरासाठी, दुसरा उत्तर देताना चेहरा कसा होतो ते बघण्यासाठी. आणि शक्य असेल तर रात्री ९ नंतर पुन्हा एकदा त्या गल्लीतून चालून या.

तुम्ही तर इलेक्ट्रिकलचे. इतरांना जे दिसत नाही ते तुम्हाला दिसेल. बोर्डात एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारे स्विच) आहेत की तार गुंडाळलेला फ्यूज, विजेची गळती पकडणारा ब्रेकर आहे का, बाथरूममधल्या गिझरच्या पॉइंटला अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का. मीटर स्वतंत्र की तिघांत एक. सबमीटर असेल तर राहायला जायच्या दिवशी रीडिंगचा फोटो काढा आणि त्याच मिनिटाला मालकाला पाठवा. स्वस्त खोल्यांमधला निम्मा वाद विजेच्या बिलावरून होतो.

जागा न बघता टोकन पाठवू नका, हे पुन्हापुन्हा सांगावंसं वाटतं. पद्धत ठरलेली आहे: सुंदर फोटो, आजूबाजूपेक्षा पाव-अर्ध्या किमतीने कमी भाडं, मालक परगावी किंवा परदेशी, ‘आणखी दोघं तयार आहेत, आज रात्री पैसे टाका.’ काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका परिचारिकेने अशाच एका जागेसाठी दोन महिन्यांची बचत पाठवली होती. त्या पत्त्यावर गेली तर तिथे एक कुटुंब बारा वर्षांपासून राहत होतं. ते फोटो इंटरनेटवर शोधले असते तर दुसऱ्याच शहरातल्या जाहिरातीत सापडले असते. नंतर आम्ही शोधले, आणि ते सापडलेही.

करार तोंडी नको. पानभर असला तरी चालेल, पण त्यात भाडं किती, त्यात वीज-पाणी-देखभाल आहे की वेगळी, भाडं कधी आणि किती वाढणार, किती दिवसांच्या नोटिशीवर सोडता येईल, किमान किती महिने राहावंच लागेल आणि डिपॉझिट किती दिवसांत, कशातून काय वजा करून परत मिळेल, हे असलंच पाहिजे. देणारा माणूस खरंच मालक आहे याचा पुरावा बघा, घरपट्टी किंवा वीजबिलावरचं नाव ताडून बघा. डिपॉझिटवर बऱ्याच ठिकाणी कायद्याची मर्यादा असते: जर्मनीत तीन महिन्यांचं मूळ भाडं, इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने बहुतेक भाडेकरूंसाठी पाच आठवड्यांचं, भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांचं. हा शेवटचा कायदा राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो. तुम्ही जिथे जाल तिथला नियम आधी वाचून ठेवा. त्यापेक्षा जास्त मागितलं तर निदान बोलायला आधार मिळतो.

सोबत राहणाऱ्यांबद्दल एकच सांगतो. करारावर तिघांच्या सह्या असतील आणि जबाबदारी एकत्र असेल, तर एक जण पळाला की त्याचं भाडंही उरलेल्या दोघांकडून मागितलं जातं. शक्य असेल तिथे प्रत्येकाचा वेगळा करार मागा, नाही तर डिपॉझिटमध्ये कुणाचे किती हे तिघांनी लिहून सह्या करून ठेवा. मैत्री असली तरी लिहा. मैत्री टिकावी म्हणूनच लिहा.

शेवटचा मुद्दा अवघड आहे, आणि निघतानाच तो ठरवावा लागतो: परत कधी फिरायचं. बाजूला ठेवलेल्या ३ आठवड्यांच्या पैशांना हात लावायची वेळ आली की परतायचं, अशी रेषा आखा आणि ती घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. रेव्हनस्टीन यांच्या नियमांत हेही होतं की माणसांच्या प्रत्येक मोठ्या ओघाला उलटा ओघ असतोच. काही जण परत येतात, आणि त्यांच्यातले कित्येक पुन्हा जातात. रेषेवर थांबून परतलेला माणूस सहा महिन्यांनी पुन्हा निघू शकतो. कर्ज काढून तग धरलेल्याला ते जमत नाही. मी ज्यांना वाचवू शकलो नाही असं मला वाटतं, ते सगळे या दुसऱ्या प्रकारातले होते. त्यांच्यातल्या एकानेही परतायची रेषा आधी आखली नव्हती.

तुम्ही या आठवड्यात दोन गोष्टी करा. वहीत रकाने आखून जाहिराती उतरवायला लागा. आणि शहरातल्या त्या ओळखीच्या कुटुंबाला फोन करा. राहण्याबद्दल आज काहीच विचारू नका. त्यांच्या भागातून कारखान्यांच्या पट्ट्याकडे सकाळी ७ ला जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते का, एवढंच विचारा.